‘पण मित्रांनो, आज परिस्थिती काय आहे?’

आदरणीय बाई,

मी नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा वक्तृत्वाची जबाबदारी माझ्याकडे आली. म्हणजे स्टाफ मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोहोचले आणि तोवर बाकीच्यांनी सोपी कामं वाटून घेतली होती. आठवी-नववीची सव्वीस मुलं, दर शनिवारी दोन तास.

तीन आठवड्यांपूर्वी नववीतला एक मुलगा पाणीटंचाईवर बोलत होता. सुरुवात छान झाली. मध्ये ‘पण मित्रांनो, आज परिस्थिती काय आहे?’ असं वाक्य आलं. पुढे नदी, धरण, टँकर सगळं झालं आणि पुन्हा तेच वाक्य. मला वाटलं, मुद्दाम घेतलंय. पण तो पुन्हा नदीवर गेला, पुन्हा धरण, पुन्हा टँकर. तिसऱ्यांदा ‘पण मित्रांनो’ म्हणाला तेव्हा अख्ख्या वर्गाने एका सुरात वाक्य पुरं केलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, ‘गंभीर आहे!’ बाई, मला हसू आवरलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मुलगा गुपचूप जागेवर जाऊन बसला. पुढच्या शनिवारी पोट दुखतंय म्हणाला, त्याच्या पुढच्या शनिवारी आलाच नाही. आंतरशालेय स्पर्धेतून नाव काढा, अशी चिठ्ठी मित्राकरवी पाठवली आहे.

त्यात मुख्याध्यापक म्हणाले, ‘तुमच्या वर्गातून भाषणापेक्षा हसण्याचाच आवाज जास्त येतो.’ स्पर्धा महिन्यावर आली. हे हसणं कसं थांबवू? आणि त्या मुलाला परत कसं आणू?

— गणिताची एक बाई, इंदिरानगर

*

प्रिय बाई,

आधी कबुली देते. ‘गंभीर आहे!’पाशी मीही हसले, चांगला चहा सांडला पत्रावर. त्यामुळे तुम्हाला उपदेश करायचा माझा निम्मा अधिकार तिथेच गेला. उरलेल्या निम्म्यावर लिहिते.

पहिला प्रश्न मीच विचारते. ते भाषण लिहून कोणी दिलं होतं? तुमच्या पत्रात मुलाची इयत्ता आहे, विषय आहे, पोटदुखीची वारानुसार नोंद आहे. भाषण लिहिणाऱ्याचा तेवढा पत्ता नाही. एकतीस वर्षं शाळेत काढल्यावर अशा गाळलेल्या जागा भरता येतात. तुम्हीच दिलं होतं ना?

राग मानू नका. मीही पंधरा वर्षं तेच केलं. फुलस्केप कागदावर दोन्ही बाजूंनी लिहायचं, मुलाच्या हातात द्यायचं आणि ‘सोमवारपर्यंत पाठ’ म्हणायचं. पण तुमच्या त्या मुलाचं झालं काय, ते तुम्हाला गणिताच्या बाई म्हणून चटकन कळेल. पाठ केलेल्या भाषणात मुलाला मुद्दा आठवत नसतो, एका वाक्याचं शेपूट पकडून तो पुढच्या वाक्यावर जातो. तुमच्या कागदावर तेच वाक्य दोन ठिकाणी होतं. दुसऱ्या ठिकाणी पोहोचल्यावर त्याच्या डोक्यात दोन रस्ते फुटले आणि त्याने जास्त वेळा घोटलेला, म्हणजे पहिला, रस्ता धरला. सुरुवातीचा भाग आपण नेहमी जास्त घोटतो. मग काय, आपल्या नाशिकच्या द्वारका सर्कलला नवखा माणूस गाडी घेऊन गोल-गोल फिरायचा तसं सुरू झालं. वर्ग हसला नसता तर तो अजून टँकरवरच असता. पोरगं अडखळलं नाही, घाबरलं नाही, कागदाने दाखवलं तिकडे इमानदारीने गेलं. चूक मसुद्याची आहे. हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतंय, आपलं डोकंच फिरलं.

आता त्या ‘गंभीर आहे!’कडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या वर्षभराच्या शिकवणीतला तो सगळ्यात मोलाचा क्षण होता.

शाळेतल्या भाषणांना कोण ऐकतं हो? अध्यक्ष महाशय घड्याळ बघतात, गुरुजनवर्ग उत्तरपत्रिका तपासतो आणि ‘माझ्या बालमित्रांनो’ म्हटलेले बालमित्र पुढच्याच्या शर्टावर पेनाने नक्षी काढतात. तुमच्या वर्गात सव्वीस मुलांना एका भाषणातलं एक वाक्य तोंडपाठ झालं, त्यांनी ते वेळेवर उचललं आणि त्या प्रश्नाला उत्तरही दिलं. गाडगेबाबांचं कीर्तन कसं चालायचं? बाबा प्रश्न विचारायचे, समोरचे लोक एका आवाजात उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे. पंचवटीत त्यांची धर्मशाळा आपण येता-जाता बघतो, पण त्यांची ही रीत वक्तृत्वाच्या तासाला कोणी शिकवत नाही. तुमच्या पोराने ती नकळत करून दाखवली. फक्त ‘गंभीर आहे’ आल्यावर ‘किती गंभीर? तुमच्या गल्लीत नळ किती वाजता येतो?’ असं विचारायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गंगापूर धरणात किती टक्के साठा आहे हे तो पाठ म्हणून दाखवील, पण पाण्यासाठी पहाटे उठून मोटर कोण लावतं, हे त्याने एकदा जरी सांगितलं असतं तरी वर्ग त्याच्या खिशात होता.

म्हणून ‘हसणं कसं थांबवू’ याला माझं उत्तर ‘थांबवू नका’ असं आहे. एका अपवादासह. तो पुढे सांगते, कारण त्यात माझाच गुन्हा आहे.

हसू नेमकं कुठे फुटतं, ते मी बरीच वर्षं बघत आले. पाठांतर जिथे फाटतं आणि आतून खरं पोर डोकावतं, तिथे फुटतं. एका मुलाच्या वडिलांनी भाषण लिहून दिलं होतं, सोबत सूचनाही लिहिल्या होत्या. पोराने सगळं इमानाने पाठ केलं. सभागृहात मूठ आवळून म्हणाला, ‘आणि लोकमान्य गरजले, इथे आवाज चढवायचा, स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे, इथे थांबून समोर बघायचं!’ आणि खरोखर थांबून समोर बघत राहिला. परीक्षकांनी गुणांचा कागद तोंडावर धरला.

दुसरी एक मुलगी. ‘सन्माननीय अध्यक्ष महाशय’ म्हणून वळली, तर खुर्ची रिकामी. अध्यक्ष फोन घ्यायला बाहेर गेलेले. तिने माइकवर शांतपणे सांगितलं, ‘ते आल्यावर बोलते,’ आणि खाली येऊन बसली. पाच मिनिटं सभागृहात नुसता हशा. अध्यक्ष परत आले तर सगळे टाळ्या वाजवतायत. ते खूश झाले आणि हात जोडून नमस्कार करत खुर्चीपर्यंत गेले.

आणि हातवाऱ्यांचं तर विचारूच नका. आम्ही शिकवायचो: आकाश म्हटलं की हात वर, धरणीमाता म्हटलं की खाली, हृदय म्हटलं की छातीवर. आठवीतल्या एकाचे हात बरोबर एक वाक्य मागे पडले. तोंडाने ‘सूर्य’ गेला, हात खिशात. ‘काळ्या मातीत राबणारा शेतकरी’ आला तेव्हा सूर्याचा हात वर निघाला. ‘माझ्या हृदयात’ला तो जमिनीकडे बोट दाखवत होता आणि ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणून खाली उतरताना, जिन्यावर, छातीवर हात ठेवून गेला. त्या दिवसापासून मी हातवारे शिकवणं सोडलं. मुलांच्या मनात बोलायचं असलं की हात आपोआप हलतात. पानाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी हातवारे शिकवलेले असतात का?

आता तो मुलगा. तुम्ही त्याला वर्गासमोर सॉरी म्हणायच्या विचारात असाल तर कृपा करून म्हणू नका. तीन आठवड्यांनी सगळ्यांदेखत विषय काढला की त्याची दुसऱ्यांदा शोभा होईल. मधल्या सुटीत गाठा, व्हरांड्यात, येता-जाता, उभ्या-उभ्या. ‘ये रे जरा’ म्हणून स्टाफरूमला बोलवू नका, तिथून कोणी चांगली बातमी घेऊन परत येत नाही. तो कागद सोबत न्या. दोन्ही ठिकाणचं वाक्य लाल पेनाने अधोरेखित करा आणि त्याला दाखवा: ‘हे बघ, हे मी दोनदा लिहिलं. तू चुकला नाहीस, मी चुकले. आणि वर हसलेही.’ बस. पुढे ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ वगैरे लांबण लावू नका. वर्गाचं हसणं पोरं दुसऱ्या तासाला विसरतात, त्यांच्यात ती देवाणघेवाण रोजचीच असते. बाईंचं हसणं विसरत नाहीत. बाई हसल्या म्हणजे निकाल लागला.

त्यानंतर त्याला गांधीजींची गोष्ट सांगा. ती त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. १८९१ साली लंडन सोडताना त्यांनी तिथल्या शाकाहारी मित्रांना जेवायला बोलावलं. भाषण विनोदी करायचं ठरवलं. ॲडिसन नावाचा इंग्रज लेखक संसदेत पहिल्यांदा बोलायला उभा राहिला, ‘आय कन्सीव्ह’, म्हणजे ‘मला वाटतं’, असं तीनदा म्हणाला आणि अडला. इंग्रजीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गर्भ राहणे. तेव्हा कोणीतरी उठून म्हणालं, या गृहस्थांना तीनदा दिवस गेले, पण बाळ काही झालं नाही. हा किस्सा सांगून सुरुवात करायची, असं गांधीजींनी योजलं होतं. केलीही. आणि तिथेच अडले! अडलेल्या माणसाचा किस्सा सांगताना अडले. ‘तुम्ही आलात, आभारी आहे,’ असं काहीतरी म्हणून खाली बसले. मुंबईला परतल्यावर पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तर तोंडातून शब्द फुटेना. तीस रुपये फी घेतली होती, ती परत केली. नववीच्या मुलाला हे सांगताना ‘आणि पुढे ते किती मोठे झाले’ हे शेपूट जोडू नका. ते त्याला माहीत आहे. त्याला फक्त ते तीस रुपये आवडतील.

स्वतःचीही एखादी फजिती हाताशी ठेवा. माझी अशी. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करत होते, पाहुण्यांचं भाषण रंगलं होतं, म्हणजे त्यांच्या मते. मी बाजूला उभ्या सेविकेला म्हटलं, ‘अहो मावशी, हे अजून किती बोलणार? पोहे पार गार झाले.’ हातातला माइक चालू होता. पाहुणे थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, ‘दोनच मिनिटं, बाई.’ पुढची सगळी वर्षं शाळेत कोणाचंही बोलणं लांबलं की मागून आवाज यायचा, ‘पोहे!’ मी तो शब्द वक्तृत्वाच्या तासाला रीतसर लागू केला. कोणी फाफटपसारा लावला की वर्गाने ‘पोहे’ म्हणायचं. घंटेपेक्षा चांगला चालला.

हे झालं दुरुस्तीचं. पण कागद तसाच राहिला तर पुढच्या वर्षी दुसरं पोर द्वारका सर्कलला फिरेल. तेव्हा कागद काढून घ्या. एकदम नको, पालक धावून येतील. पहिले दोन शनिवार एकच काम द्या: मला रोज करता येणारी एक गोष्ट, एका मिनिटात सांगायची. मिसळ कशी खायची, सायकलची चेन कशी बसवायची, लहान भावाला कसं झोपवायचं. मिसळीवर तुम्हाला वेगळा तास लागेल हे आत्ताच सांगते. काळ्या मसाल्याची की लाल, पापड आधी मोडायचा की रश्शात बुडवायचा, यावर आमच्याकडे दोन मुलींचं बोलणं पार भांडणावर गेलं होतं, आणि दोघींपैकी एकीनेही तोवर वर्गात तोंड उघडलेलं नव्हतं.

त्याच खेळात मला माझा सगळ्यात लाडका वक्ता सापडला. निफाडकडचा मुलगा. शिकायला नाशिकला मामाकडे राहायचा, सुट्टी पडली की गावी. ‘पर्यावरण’ या विषयावर तीन वाक्यांत घामाघूम. मी म्हटलं, घरी काय करतोस ते सांग. तो उभा राहिला, फळ्याची पट्टी हातात घेतली आणि म्हणाला, ‘मंडळी, थंडी पडली की आमचं लगीनघर असतं.’ मग सांगत सुटला: पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या, धूर धरून ठेवायचा, विहिरीचं पाणी ठिबकला सोडायचं, कारण पहाटे विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. आजोबा घडाखाली हात धरून मणी कसे चाचपतात, ते त्याने पट्टी काखेत मारून दाखवलं. सात मिनिटं झाली. कोणाचंही लक्ष हललं नव्हतं. एकीने विचारलं, ‘मग तुम्ही झोपता कधी?’ तो म्हणाला, ‘इथं. बाईंच्या तासाला.’

वर्ग फुटला. मी पण. तो स्वतः सगळ्यात जास्त हसला. त्या मिनिटाला त्याला कळलं, की लोकांना हसवणं आपल्या हातात आहे. तुमच्या मुलाला हे कळायचं राहिलंय. त्याच्यावर हसू पडलं, त्याने ते उचललं नाही. म्हणून आणखी एक खेळ घ्या: प्रत्येकाने बोलताना मुद्दाम एकदा अडायचं आणि सगळ्यांसमोर त्यातून बाहेर पडायचं. ‘हे विसरलो, पुढचं सांगतो’ म्हणा, ‘कुठे होतो मी?’ असं वर्गालाच विचारा, पाण्याचा घोट घ्या, काहीही. पहिल्या तुम्ही अडा. बाई अडल्या की वर्गाला जो आनंद होतो, तो पगारवाढीच्या तोडीचा असतो.

आता तो अपवाद. वर्ग हसला आणि मी थांबवायला हवं होतं, असा एक दिवस माझ्या हिशेबात आहे. सटाण्याकडची मुलगी, घरी अहिराणी बोलणारी. उत्साहाने उभी राहिली. ‘पानी’ म्हणाली, मी म्हटलं ‘पाणी’. ती पुढे ‘कोनी’ म्हणाली, मी म्हटलं ‘कोणी’. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आत वर्गच ओरडला, ‘ण! ण!’ आणि हसला. ती पुढे बोलली, पण ‘न’ आणि ‘ण’ येणारे सगळे शब्द टाळत. मराठीत ते टाळून काय उरतं, तुम्हीच करून बघा. ती त्या वर्षी पुन्हा उभी राहिली नाही. तुमच्या वर्गाने वाक्यावर हसून घेतलं, माझ्या वर्गाने एका पोरीच्या घरावर. आणि सुरुवात मी करून दिली होती. ज्या तासाला सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगाव सगळीकडची बोली एका बाकावर बसते, त्या तासाला असलं हसणं पहिल्या सेकंदाला तोडा, तिथे माझ्यासारखी चेष्टेखोर होऊ नका. उच्चार सुधारायचेच असतील तर नंतर, एकटीला, तिची इच्छा असेल तर.

मुख्याध्यापकांचं फार मनावर घेऊ नका. एका शनिवारी त्यांना आग्रहाने बोलवा, चिठ्ठी उचलायला लावा आणि एक मिनिट बोलायला सांगा. चिठ्ठीत ‘माझी पहिली छडी’ असा विषय ठेवा. वर्गातून आवाज का येतो, ते त्यांना तुम्ही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

जमलं तर मे महिन्यात मुलांना संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला न्या. वक्ता कोण आहे हे फारसं बघू नका. मुलांना एवढंच काम द्या: लोक कुठे हलले, कुठे हसले आणि मध्येच घंटा वाजली किंवा कुत्रं भुंकलं तेव्हा बोलणाऱ्याने काय केलं, तेवढं टिपून आणायचं. उघड्या पटांगणात बोलणाऱ्याला कागद वाचवत नाही.

स्पर्धेचं काय? तुम्ही नाव काढूही नका, ठेवूही नका. यादी पाठवायच्या आदल्या दिवसापर्यंत जागा रिकामी ठेवा आणि त्याला सांगा की रिकामी आहे. आला तर विषय तोच राहू दे, पाणीच. पण कागद न देता. ‘पण मित्रांनो, आज परिस्थिती काय आहे?’ हे वाक्य त्याला ठेवायचं असेल तर ठेवू दे, एकदाच. बहुतेक ठेवेल. आणि म्हणून झाल्यावर क्षणभर थांबून मागच्या बाकांकडे बघेल.

तो जुना कागद फाडू नका, मला पाठवा. ‘मित्रांनो’ एकूण किती वेळा लिहिलंयत ते मोजायचं आहे. माझा विक्रम चौदाचा आहे.

तुमची,
एक निवृत्त बाई